वरचा दोरा, खालचा दोरा

सकाळी मूठ वळत नाही.
सहा वाजता बोटं वांग्यांसारखी,
साडेसातला थोडी माझी होतात,
नऊला बोहरी आळीत शटर वर करताना
शेजारचा हातिम न विचारता एक बाजू धरतो.

पस्तीस वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतोय.
कुठल्या भोकात किती थेंब, झोपेत सांगेन.
गिऱ्हाईक म्हणतं, जाम झालंय हो,
उघडावं तर आत खोबरेल थिजलेलं,
एकदा तर चक्क शेंगदाण्याचं, वर मुंग्या.
मी ओरडायचो,
तेल म्हणजे सगळं एकच का, बाई?

हे वाक्य मला डॉक्टर शाळिग्रामांनी परत केलं,
शनिवारात, दुसऱ्या मजल्यावर,
रक्ताचा कागद उजेडाला धरून.
"दाह आहे. गोळ्या चालूच ठेवायच्या.
पण घरात तेल कोणतं?"

सूर्यफुलाचं. पंधरा किलोचा डबा.
फोडणीच्या पळीला नलूनं कधी माप लावलं नाही.
आणि संध्याकाळी, नलूला माहीत नसलेलं,
कोपऱ्यावरच्या कढईतलं,
सकाळपासून उकळून जुन्या वंगणाच्या रंगाला आलेलं.
त्यातले दोन वडे, वर मिरची.
हे काही मी सांगितलं नाही.
खिशावर पुडीचा डाग होता, त्यानं सांगितलं.

"म्हणजे आगीत तेल," मी म्हणालो, हसण्यासाठी.
त्या हसल्या नाहीत.
"सूर्यफूल वैरी नाही, तेही लागतं शरीराला.
पण जवस, अक्रोड, बांगडा, यातलं काहीच
पोटात जात नसेल
तर एकाच बाजूचा ताण वाढतो."

ताण!
आता हे माझ्या भाषेत आलं.
वरचा दोरा फार आवळला
की खालचा ओढला जातो वर,
कापड चुण्या धरतं,
आणि लोक सुईला शिव्या देतात.
दोरा तोडायचा नसतो. स्क्रू अर्धा आटा सैल करायचा,
खाली बॉबिन नीट भरलीय का बघायची.
टाका दोन कापडांच्या मधे बसला
की तो दिसतच नाही.

हातिम म्हणाला, गणेश पेठेत जा, ताजा बांगडा मिळेल.
गेलो. म्हणजे, त्या रस्त्यानं चालत गेलो.
बर्फावर ओळीनं निजलेले, निळे हिरवे,
नव्या सुयांच्या पाकिटासारखे चकाकणारे.
आमच्याकडे माळ आहे.
नाक दाबलं नाही, थांबलोही नाही.
मंडईतून पाव किलो जवस घेतलं.

"आता तूपही बंद?" नलूनं विचारलं.
तिचे वडील खाईन तर तुपाशी म्हणणारे,
आणि उपाशी कधीच न राहिलेले.
बंद काहीच नाही, म्हटलं, चमचा ठेव.
दुकानातून एक कुपी आणली, कोरी, लांब चोचीची,
दाबली की थेंबच पडतो.
ती बघतच राहिली.
"मी काय मशीन आहे?"
दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी जवस तव्यावर तडतडलं,
लसूण, तिखट, मीठ, खलबत्ता,
आणि कुपी गॅसशेजारी, अर्धी भरलेली.

चार महिने झाले.
कागदावरचा आकडा उतरलाय, फार नाही.
गोळीनं, जवसानं, की वडे सोडल्यानं, कोण जाणे.
सोडले म्हणजे, मंगळवारचा एक उरलाय.
नलूला आता माहीत आहे.

काल एका मशीनच्या सुईत दोरा मीच ओवला,
चष्मा कपाळावर, श्वास रोखून,
तिसऱ्या खेपेला.
हातिम दारात उभा राहून बघत होता,
काही बोलला नाही.

शटरची एक बाजू मात्र
अजून त्याचीच.